भरती-ओहोटीचे गणित आणि कुलाबा किल्ला

बंगळूरहून अलिबागला जायचे ठरले की आपण आधी सुट्टी पाहतो. कुलाबा किल्ल्यात चालत जायचे असेल, तर आधी तिथी पाहा. वाट ओहोटीलाच उघडी पडते.

चंद्रामुळे भरती रोज साधारण 50 मिनिटे उशिरा येते. यावरूनच कोकणातला ढोबळ नियम आला: तिथी गुणिले पाऊण म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी.

उदाहरणे पाहू.

अष्टमी: 8 × 0.75 = 6. ओहोटी दुपारी सव्वाबाराला. वेळ सोयीची, पण हे भांगाचे दिवस. पाणी फारसे हटत नाही.

द्वितीया: 2 × 0.75 = 1.5. भरती रात्री दीडला, ओहोटी सकाळी पावणेआठच्या सुमारास. उधाणाचे दिवस असल्याने पाणी दूर जाते. हा दिवस निवडा.

परतीचे काय? ओहोटीनंतर पाणी सहा तासांत अनुक्रमे 1, 2, 3, 3, 2, 1 बाराव्या भागांनी चढते. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या तासातच निम्मी भरती येते. म्हणून ओहोटीच्या तासभर आधी निघा आणि नंतरच्या तासाभरात किनाऱ्यावर परत या.

नियम अंदाजापुरता; अंतिम वेळ भरतीच्या अधिकृत तक्त्यात आणि स्थानिक कोळ्यांकडे पडताळा. पावसाळ्यात हा बेत नकोच.