तावुलियाची तालीम

होस्टेलच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारा. पल्सर असो की स्प्लेंडर, पाच-सहा गाड्यांवर तरी पिवळा 46 चिकटवलेला दिसेल. विचारलं तर निम्म्यांना तो मालकाचा रोल नंबर वाटतो! मित्रांनो, हा नंबर व्हॅलेंटिनो रॉसीचा. इटलीचा रायडर, नऊ वेळा जगज्जेता. पण आज त्याच्या रेसबद्दल नाही, त्याच्या तालमीबद्दल सांगायचंय.

रॉसीचं गाव तावुलिया. लहान असताना गावाजवळच्या एका खाणीत तो मातीवर गाडी चालवायचा. वडील ग्रात्सियानो स्वतः ग्रां प्री जिंकलेले, त्यामुळे घरातूनच बाळकडू. पुढे शेजारच्या गावचा मार्को सिमोन्चेल्ली त्याच्यासोबत सरावाला येऊ लागला. धाकट्या भावासारखाच. 23 ऑक्टोबर 2011 ला मलेशियात सेपांगच्या ट्रॅकवर सिमोन्चेल्ली पडला आणि मागून येणाऱ्या दोन गाड्या त्याला धडकल्या. त्यातली एक रॉसीची होती. सिमोन्चेल्ली गेला तेव्हा 24 वर्षांचा होता.

एखाद्याने सरावाचा नादच सोडला असता. रॉसीने उलट गावाजवळ मातीचा मोठा ट्रॅक बांधला, आसपासची पोरं गोळा केली आणि 2014 पर्यंत त्यातून व्हीआर46 रायडर्स अकादमी उभी राहिली. त्याच वर्षी मोटो3 या 250 सीसीच्या वर्गात त्याची टीमही उतरली.

आता प्रश्न असा, की रेस डांबरावर, मग सराव मातीत कशाला? इथे आपलं फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स कामाला येतं. वळणावर गाडी किती झुकवायची ते tanθ = v²/rg वरून काढता येतं. 45 अंशांना बाजूचं त्वरण 1g, 60 अंशांना जवळपास 1.7g. मोटोजीपीवाले 60 च्याही पुढे झुकतात. तिथे टायरची पकड सुटली तर विचार करायला वेळच नसतो. घाबरून मूठ एकदम सोडली, की घसरणाऱ्या मागच्या चाकाला पुन्हा झटक्यात पकड मिळते आणि गाडी रायडरला वरून भिरकावून देते. मातीत पकड मुळातच कमी, म्हणून चाक कमी वेगातच घसरतं आणि प्रत्येक वळणावर घसरतं. मूठ किती ठेवायची, हँडल उलट किती वळवायचं, अंग कुठे टाकायचं, हे हाताला कळत जातं. चुकलात तर पँट झटकून उठायचं. थोडक्यात, हे प्रॅक्टिकल आहे, आणि जर्नल कॉपी करून भागत नाही!

अजून एक गंमत. अकादमी वेगळी आणि टीम वेगळी. फ्रान्चेस्को बान्यायाचंच बघा. 2013 च्या पहिल्या सीझनला त्याच्या नावावर एकही पॉइंट नाही. आपल्या भाषेत ऑल क्लिअरच्या उलट. 2014 मध्ये रॉसीच्या टीमने त्याला घेतलं, पण 2015 ला तो आपल्या मुंबईच्या महिंद्राच्या गाडीवर गेला. तरी अकादमीतला सराव चालूच. 2016 मध्ये ॲसेनला महिंद्राला ग्रां प्रीतला पहिला विजय मिळवून दिला तो यानेच. मग परत रॉसीच्या टीममध्ये येऊन 2018 ला मोटो2 चा जगज्जेता झाला. उलट 2016 मध्येच, रेस जिंकणाऱ्या एका रायडरला टीमने वागणुकीवरून भर सीझनमध्ये बाहेर काढलं. वेगाला तिथे सगळं माफ नाही.

आपल्याकडे म्हणतात, वस्ताद शेवटचा डाव राखून ठेवतो. रॉसीने राखला नसावा. 13 सप्टेंबर 2020, मिसानोचा ट्रॅक. तावुलियापासून हाकेच्या अंतरावर, आणि आता त्याला नाव सिमोन्चेल्लीचं. त्या दिवशी पहिला आला फ्रँको मोर्बिदेल्ली. या पोराच्या सरावासाठी त्याच्या वडिलांनी रोम सोडून तावुलियाजवळ बिऱ्हाड हलवलं होतं. दुसरा बान्याया. दोघेही अकादमीचे. वस्ताद स्वतः चौथा, म्हणजे घरच्या मैदानावर पोडियम हुकलं, आणि वर उभे आपलेच पठ्ठे! मला तरी त्याचा हा चौथा नंबर काही विजयांपेक्षा मोठा वाटतो. त्या वर्षी मोर्बिदेल्ली जगात दुसरा आला, आणि 2021 या रॉसीच्या शेवटच्या सीझनमध्ये गुरू-शिष्य एकाच टीममध्ये होते.

2022 पासून रॉसीची टीम मोटोजीपीत उतरली. 24 सप्टेंबर 2023 ला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली मोटोजीपी झाली, ती जिंकली याच टीमच्या मार्को बेझेक्कीने. तोही अकादमीचाच. त्याच रेसमध्ये 2022 चा जगज्जेता बान्याया दुसऱ्या नंबरवर असताना पडला. उठला, आणि नोव्हेंबरमध्ये वॅलेन्सियाला सलग दुसऱ्यांदा जगज्जेता झाला.