पत्रे लागण्याआधी

रिकाम्या झालेल्या इमारतीभोवती पत्रे उभे राहिले, की फोटो काढणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा काळ संपलेला असतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई महापालिकेने धूळ रोखण्यासाठी बांधकामांना नियमावली लागू केली. एक एकराहून लहान भूखंड असला तरी भोवती किमान २५ फूट उंच पत्रे, मोठ्या भूखंडाला ३५ फूट, शिवाय इमारतीला हिरवं कापड किंवा ताडपत्री. आपल्या फुप्फुसांसाठी हा नियम हवाच होता. पण २५ फूट म्हणजे दोन मजल्यांहून अधिक, आणि उपनगरातल्या जुन्या सोसायटीचं सगळं उघडं आयुष्य तेवढ्याच उंचीत सामावलेलं असतं. फाटक, सभासदांच्या नावांची पाटी, तुळशीवृंदावन, तळमजल्यावरची पिठाची गिरणी, जिन्याखालचा इस्त्रीवाला, पहिल्या मजल्यावरून खाली सोडलेली दोरीची पिशवी. पत्र्यांच्या वर उरतं ते वरच्या मजल्यांचं शेवाळलेलं प्लॅस्टर.

अंधेरी आणि घाटकोपर १९५० मध्ये मुंबईच्या हद्दीत आली, बोरिवली आणि मुलुंड १९५७ मध्ये. त्यानंतरच्या तीसेक वर्षांत इथे तळमजला अधिक तीन किंवा चार मजले अशा, लिफ्ट नसलेल्या इमारती उभ्या राहिल्या. बँकेतले, रेल्वेतले, गोदीतले, शाळांमधले नोकरदार एकत्र आले, त्यांनी सहकारी सोसायट्या नोंदवल्या, कर्ज काढून घरं घेतली. आता त्या इमारतींच्या काँक्रीटमधली सळई खाऱ्या हवेने गंजली आहे, छज्जे गळतात, आणि चौथ्या मजल्यावरच्या आजी दवाखान्यात जायचं म्हटलं तरी दोन दिवस आधीपासून धास्तावतात. पुनर्विकासाची गरज खरी आहे, हे पहिल्यांदा मान्य करायला हवं. त्यात २०१२ पासून ३५ टक्के फंजिबल एफएसआय, म्हणजे जास्तीचं बांधकाम क्षेत्र, मिळू लागला, २०१८ मध्ये नवी विकास नियंत्रण नियमावली आली, आणि ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खालच्या प्रक्रियेत ५१ टक्के सभासदांची संमती पुरेशी ठरवली. सोसायट्यांच्या बैठकांत वर्षानुवर्षं अडलेले ठराव मग सुटू लागले, आणि आता एकेका गल्लीत तीन-तीन पाडकामं एकाच वेळी चालतात.

पाडल्या जाणाऱ्या वस्तीचे फोटो आधी काढून ठेवावेत, ही कल्पना जुनी आहे. पॅरिसचे जुने रस्ते मोडून रुंद बुलेव्हार घातले गेले, तेव्हा शार्ल मारव्हिल या छायाचित्रकाराने जायच्या गल्ल्यांची सव्वाचारशेच्या आसपास छायाचित्रं नगरपालिकेसाठी काढली. ग्लासगोत १८६८ ते १८७१ या काळात टॉमस ॲनन याने तिथल्या सुधारणा न्यासासाठी कोंदट बोळ टिपले. दोघांनाही काम पालिकेने किंवा तिच्या न्यासाने दिलं होतं, हे लक्षात घ्यावं. शहर मोडणाऱ्यांनीच त्याची नोंद ठेवायची सोय केली होती.

मुंबईलाही छायाचित्रणाची विद्या लवकर अवगत झाली. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली, पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी त्या पहिल्या पिढीतले नावाजलेले छायाचित्रकार. पण त्यांचे कॅमेरे वळले ते कोट, काळबादेवी, गिरगावच्या दिशेला. १८९६-९७ च्या प्लेगचे अल्बमसुद्धा बेटावरच्या शहराचे. साष्टीतली, म्हणजे आजच्या उपनगरांतली, भातखाचरं, वाड्या, मिठागरं फोटोत फारशी आलीच नाहीत, आणि नंतरच्या सोसायट्या तर इतक्या साध्या होत्या की त्यांच्याकडे कॅमेरा रोखावा असं कुणाला वाटलं नाही. वारसा यादीत त्यांचं नाव येणार नाही, वास्तुकलेच्या पुस्तकात त्यांना पान मिळणार नाही. त्यामुळे उपनगराचा फोटो-इतिहास तिथे राहणाऱ्यांनीच तयार करायचा आहे. बारशाच्या, मुंजीच्या, सार्वजनिक सत्यनारायणाच्या फोटोंमागे जी भिंत चुकून आली, तीच आजवरची आपली नोंद.

बदल टिपायचा तर चौकटीत एक न बदलणारी गोष्ट लागते. अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल आहे. बेसाल्टच्या सरळसोट खांबांची ही टेकडी सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची, उंची दोनशे फुटांच्या आसपास, माथ्यावर गावदेवीचं देऊळ. २००७ मध्ये तिला ग्रेड-२ वारशाचा दर्जा मिळाला, पण तोवर पायथ्याला चहूबाजूंनी घरं आणि पुनर्वसनाच्या इमारती येऊन टेकल्या होत्या. एका ठरावीक कोपऱ्यावरून दरवर्षी तिचा फोटो घ्या. टेकडी जागेवरच राहते आणि तिचा दिसणारा भाग कमी कमी होत जातो. बोरिवलीत एक्सरला मध्ययुगीन वीरगळ आहेत, ज्यांच्यावर गलबतांची रांग आणि समुद्रातली लढाई कोरलेली आहे. त्यांच्यामागे बदलत गेलेल्या भिंती आणि कुंपणं पाहिली, तरी गावठाणाचं उपनगर आणि उपनगराचं उंच शहर कसं झालं ते कळतं. मुलुंडकरांना राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराची कड आहे. पूर्वी ती स्टेशनच्या पुलावरून सलग दिसे, आता इमारतींच्या फटींतून तुकड्यातुकड्याने दिसते. असं काहीच नसेल तर जुनी विहीर, क्रूस, पिंपळाचा पार किंवा महापालिकेच्या शाळेची इमारत चालते.

घाटकोपरची गोष्ट जरा वेगळी. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली आणि असल्फाची टेकडी रोज हजारो लोकांना तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून दिसू लागली. २०१७ च्या अखेरीस ‘चल रंग दे’ या उपक्रमात स्वयंसेवकांनी आणि रहिवाशांनी टेकडीवरच्या घरांच्या भिंती रंगवल्या. लोक तिची तुलना इटलीतल्या किनारी गावांशी करू लागले, सेल्फी काढायला येऊ लागले. तिथल्या माणसांना आपल्या वस्तीकडे कुणी आनंदाने पाहतंय याचं अप्रूप वाटलं असेल तर ते अगदी योग्य आहे. माझी तक्रार फोटो काढणाऱ्यांविषयी आहे. मेट्रोच्या काचेतून किंवा रस्त्यावरून रंगीत भिंती टिपल्या की काम झालं असं मानलं गेलं. पाणी किती वाजता येतं, चढणीवरून हंडा कोण आणतं, शौचालय किती लांब, पावसाळ्यात दरडीखालच्या घरांत रात्र कशी जाते, हे त्या फोटोंत नाही. पायऱ्या चढून, ओळख काढून, परवानगी मागून जो वर जाईल त्यालाच असल्फा टिपता येईल.

सोसायटीतही तेच. ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन फोटो शेजारी ठेवणं सोपं असतं, आणि बिल्डरची जाहिरातही तेच करते. खरं घडतं ते मधल्या तीन-चार वर्षांत. घरं रिकामी होतात तो आठवडा सर्वांत दाट. टेम्पोत चढणारं लोखंडी कपाट, देव्हाऱ्यामागे भिंतीवर धरलेली काजळी, ओट्याखालचा पाट्याचा डाग. भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं राहिलं असेल तर तो फोटो आपली तारीख आपणच सांगतो. मग दारं, खिडक्या, ग्रील, नळ पाडकामवाले उतरवून नेतात, कारण त्यांचा हिशोब त्या सामानावर असतो. इमारतीचा दर्शनी भाग पडला की एकावर एक खोल्यांचे रंग उघडे पडतात: पोपटी, गुलाबी, फिका निळा, जांभळा. तीस-चाळीस कुटुंबांनी आपापल्या आवडीने निवडलेले हे रंग तोवर बाहेरच्या कुणी पाहिलेले नसतात, आणि दोन दिवसांत ते जातात.

या मधल्या काळात कोण जातं हेही टिपायला हवं. सभासदाला भाडं मिळतं, कॉर्पस म्हणून एकरकमी पैसे मिळतात, नवीन घर मोठं मिळतं. लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्या कुटुंबाला काहीच मिळत नाही. ते दहिसर, मीरा रोड, डोंबिवली असं सरकत जातं आणि मुलांची शाळा सुटते. जिन्याखालच्या इस्त्रीवाल्याचं नाव करारात नसतं. नव्या इमारतीत पोडियम आहे, पार्किंग आहे, व्यायामशाळा आहे, पण चपला शिवणाऱ्याला बसायला कोपरा नाही. शिवाय देखभालखर्च इतका वाढतो की निवृत्तिवेतनावर जगणारे मूळ सभासदही काही वर्षांत घर विकून बाहेर पडतात. नावांच्या पाटीचा फोटो दर दिवाळीला काढत गेलं, तर हा बदल कुठल्याही अहवालाशिवाय वाचता येईल. कामावरच्या मजुरांचेही फोटो घ्यावेत, विचारून घ्यावेत, आणि छापून त्यांच्या हाती द्यावेत. इमारत ज्यांनी बांधली त्यांची कुठलीच खूण तिच्यावर राहत नाही.

उंचीमुळे उजेडही बदलतो. मुंबईत डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ४७-४८ अंशांवर असतो. तेरा मीटरच्या जुन्या इमारतीची सावली तेव्हा उत्तरेला बारा मीटर पडायची, म्हणजे आवाराच्या भिंतीपाशी संपायची. सत्तर मीटरच्या टॉवरची सावली चौसष्ट मीटर जाते आणि गल्ली ओलांडून पलीकडच्या दोन इमारतींवर पसरते. तिथल्या गच्चीवर पापड-कुरडया वाळायच्या थांबतात. हा फोटो मे महिन्यात मिळणार नाही, कारण तेव्हा सूर्य डोक्यावर असतो. थंडीतच घ्यावा लागतो, तोही दरवर्षी त्याच वेळेला. विमानतळाच्या फनेल झोनमध्ये, म्हणजे विमानांच्या चढ-उताराच्या मार्गाखाली, मात्र उंचीला मर्यादा आहे, म्हणून अंधेरी-घाटकोपरच्या काही भागांत जुन्या इमारती अजून तशाच अडकून उभ्या आहेत. फोटोसाठी आज तिथे वेळ आहे, राहणाऱ्यांची मात्र कोंडी आहे.

यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. मोबाइल पुरतो, फक्त रस्त्यावरून वर तिरका धरू नये. मग इमारत मागे कलंडल्यासारखी दिसते. समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या जिन्यातून सरळ धरला, की रेषा सरळ येतात. काढलेला मूळ फोटो जपावा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर तो लहान होतो आणि त्यातली तारीख-वेळेची माहिती गळते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर टिकते. जुने अल्बम आणि निगेटिव्ह आपल्या दमट हवेत बुरशी धरतात, तेव्हा ते घर बदलण्याआधीच स्कॅन करावेत. सामानाच्या खोक्यांत हरवतात ते बहुतेक तेच. गूगलने जुलै २०२२ मध्ये मुंबईचं स्ट्रीट व्ह्यू सुरू केलं, त्यात बऱ्याच गल्ल्यांचा दर्शनी भाग आला आहे. तो आधाराला घ्यावा. जिना, गच्ची आणि मागची मोरी त्यात येत नाही.

आणि फोटोसोबत मजकूर लिहावा: तारीख, विंग, कोण दिसतंय, कुठल्या दिशेला तोंड करून काढला. इमारतीचं नाव लिहावंच, पण त्यावर विसंबू नये. पुनर्विकासात ‘श्रीगणेश कृपा’ जाते आणि तिच्या जागी कुठल्या तरी ‘हाइट्स’ची पाटी लागते. वीस वर्षांनी शोधणाऱ्याला जुन्या नावावरून जागा सापडणार नाही. त्यासाठी मालमत्ता पत्रकावरचा सिटी सर्व्हे क्रमांक नोंदवावा. सोसायटीच्या सेक्रेटरींकडे तो असतो, आणि इमारत बदलली तरी जमिनीचा क्रमांक सहसा तोच राहतो. दोन-तीन भूखंड एकत्र होणार असतील तर शेजारच्यांचेही क्रमांक लिहून ठेवावेत.