खिडकीचा रंग का उडतो?

आपल्याकडे घराला रंग लागतो तो सणाच्या तोंडावर. दिवाळी आली, ईद आली, घरात लग्न ठरलं, की रंगाऱ्याच्या शोधात धावपळ सुरू होते. आधी भिंती होतात, मग दारं होतात आणि शेवटच्या दिवशी, डब्यात उरलेल्या रंगात खिडक्या उरकल्या जातात. पुढच्या पावसाळ्यात चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात पोपडा सुटतो आणि आपण म्हणतो, रंगच हलका होता. तसं असेलही. पण बहुतेक वेळा बिघडतं ते घाईमुळे.

खिडकीइतकं सोसणारं घरात दुसरं काही नाही. नांदेड-लातूरकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो. मग जूनमध्ये त्याच तापलेल्या लाकडावर पाऊस बसतो. लाकूड उन्हात आकसतं, पावसात फुगतं. लोखंडाला गंज चढतो. जुन्या माळवदाच्या घरांत भिंती हात-दोन हात जाड, खिडक्या लहान आणि खोल. चौकटीपर्यंत पाऊस क्वचितच पोचायचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, दगडमातीच्या भिंतींखाली हजारो माणसं गेली आणि त्यानंतर आमच्या भागात घरं बांधायची रीतच बदलत गेली. भिंती बारीक झाल्या, खिडक्या मोठ्या झाल्या, लोखंडी चौकटी आल्या. आता ऊनपाऊस खिडकीला थेट गाठतो. पाणी अडवणं हे रंगाचं पहिलं काम; शोभा त्यानंतरची.

तेव्हा पहिला प्रश्न मुहूर्ताचा. पावसाळा संपला तरी लाकडात मुरलेलं पाणी लगेच जात नाही. ओल्या लाकडावर रंग लावला, की आतली वाफ बाहेर पडू पाहते आणि रंगाला फुगे येतात. दिवाळीआधी रंग द्यायचा असेल तर चांगली उघडीप मिळून काही आठवडे जाऊ द्यावेत. रमजान ईद तर दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. २०१६ साली ती ७ जुलैला, ऐन पावसाळ्यात होती; २०२५ साली ३१ मार्चला, उन्हाळ्याच्या तोंडावर. सण सरकतो, पाऊस काही सरकत नाही. म्हणून खिडक्यांचं काम सणाला न बांधता हवेला बांधावं. कोरड्या हिवाळ्याचे दिवस त्याला सगळ्यात चांगले. फक्त दुपार कलण्याआधी ब्रश खाली ठेवावा, म्हणजे दव पडायच्या आत रंग ओढतो. उन्हातही रंग लावू नये. वरची साय वाळते आणि खालचा थर ओला राहतो. सकाळी पश्चिमेच्या खिडक्या, दुपारी पूर्वेच्या, असं सावलीच्या मागं मागं जावं.

आता जुना रंग काढण्याची गोष्ट. इथं खिडकीपेक्षा घरातली लेकरं महत्त्वाची आहेत, म्हणून जरा नीट ऐका. जुन्या तेलरंगांत शिसं असायचं. पांढऱ्या सफेद्यात शिसं, चकचकीत पिवळ्या रंगात शिसं, आणि लाकडा-लोखंडाला अस्तर म्हणून लावायचा शेंदूर, तोही शिशाचाच. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं, असा नियम केंद्र सरकारनं २०१६ साली केला आणि तो नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे त्याआधी रंगवलेल्या खिडकीवर शिसं असू शकतं, असं धरूनच चालावं. शिशाची अमुक एक मात्रा मुलांना चालते, असं नाही. जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते. शिसं लहान मुलांच्या वाढत्या मेंदूवर परिणाम करतं, शिकण्याची ताकद कमी करतं आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. त्यात खिडकीची झडप रोज चौकटीला घासते. तिथला रंग झिजून त्याची धूळ खालच्या पाटावर पडते आणि रांगतं मूल नेमकं तोच पाट धरून उभं राहतं, मग बोटं तोंडात घालतं.

म्हणून जुना रंग कधीही कोरडा घासू नये. पाण्यात चालणारा पॉलिशपेपर घ्यावा, लाकूड ओलसर करावं आणि मग घासावं. धूळ उडत नाही. पेटत्या बत्तीनं रंग जाळून काढण्याची पद्धत आहे, तीही टाळावी. त्या धुरात शिसं असू शकतं. खाली जुनं प्लास्टिक अंथरावं, निघालेले पोपडे त्यातच गुंडाळून बांधावेत. केरसुणीनं झाडू नये, ओल्या फडक्यानं पुसावं. गरोदर बाई आणि लेकरं यांना ते काम होईपर्यंत दुसऱ्या खोलीत नव्हे, जमलं तर शेजारी ठेवावं. नवा डबा घेतानाही त्यावर शिशाचं प्रमाण आणि तयार झाल्याचं साल छापलेलं आहे का, ते वाचून घ्यावं.

सगळा रंग काढायची गरज नसते. जो घट्ट बसला आहे तो राहू द्यावा. सुटलेला काढून कडा घासून सारख्या कराव्यात. स्वयंपाकघराच्या खिडकीवर फोडणीचा चिकटा असतो. तो धुण्याच्या सोड्यानं धुवावा, स्वच्छ पाणी मारावं, पूर्ण वाळू द्यावं. चिकट्यावर रंग धरत नाही.

पुढची चूक क्रमाची. अनेक जण कोऱ्या लाकडावर आधी लांबी भरतात आणि वर प्रायमर लावतात. लाकूड लांबीतलं तेल पिऊन टाकतं, लांबी कोरडी पडून गळते. आधी प्रायमर, मग लांबी, ती वाळली की घासणं, उघड्या जागी पुन्हा प्रायमर आणि मग रंगाचे दोन पातळ हात. एकच जाड हात दिला तर तो ओघळतो आणि सुरकुततो. रंग डब्यावर लिहिलेल्या थिनरनंच पातळ करावा. त्यात रॉकेल घालू नये. लोखंडी गजाचा गंज तारेच्या ब्रशनं काढावा आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइडचं अस्तर द्यावं. एक रात्र उघडं राहिलं तरी गंज परत धरतो. गज जिथं पाटात शिरतो तिथं पाणी साचतं. कुजायला आणि गंजायला सुरुवात होते ती तिथूनच.

सगळ्यात जास्त राहून जाणारी जागा म्हणजे झडपेची वरची आणि खालची कड. डोळ्याला दिसत नाही म्हणून ती सुटते. पण लाकूड पाणी पितं ते कापलेल्या तोंडातून. तिथं रंग नसेल तर समोरचे दोन हात वाया गेले. रंगारी गेल्यावर एक छोटा आरसा खालच्या कडेखाली धरून बघावं. काचेच्या कडेनं रंग केसभर काचेवर जाऊ द्यावा, म्हणजे काच आणि लांबी यांच्यामधली फट बंद होते. पाटाच्या खालच्या अंगाला पाणी गळून पडण्यासाठी खाच असते. ती मात्र लांबीनं बुजवू नये.

झडप घट्ट झाली की पावसाळ्यात रंधा मारून घेतात. उन्हाळ्यात लाकूड आकसतं आणि बोट जाईल एवढी फट राहते. घट्टपणा बहुतेकदा रंगावर रंग चढल्यामुळे असतो. कोरड्या दिवसांत खाचेतले जुने थर उतरवले तरी झडप मोकळी होते. बिजागरी आणि कडी-कोयंडा रंगवू नये. काढून ठेवावा किंवा कागद चिकटवावा. रंग पुरता वाळेपर्यंत खिडकी उघडीच ठेवावी.

एक धोका फार कमी लोकांना ठाऊक असतो. जवस, करडई ही आपल्या मराठवाड्याच्या रानातली पिकं. त्यांचं तेल रंगांत वापरतात, कारण ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. त्या क्रियेत उष्णता निघते. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला, तर तो काडी न लावता पेटू शकतो. चिंध्या बाहेर पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून टाकाव्यात.

इतकं सगळं करायला वेळ लागतो आणि वेळेची मजुरी द्यावी लागते. रंगारी चौरस फुटावर उक्तं काम घेतो, तेव्हा घासण्या-वाळवण्याचे दिवस त्याच्या खिशातून जातात. मग तो घाई करणारच. खिडक्यांचे दिवस वेगळे ठरवा आणि त्यांचे पैसे वेगळे द्या. त्याच्या नाकावर चांगला मास्क आहे का, तेही बघा. आपल्या घरातली धूळ आपण एकदाच सोसतो. तो ती घराघरांतून गोळा करत स्वतःच्या लेकरांपर्यंत जातो. निघताना त्याला हातपाय धुवायला साबण-पाणी द्या आणि कामाचे कपडे घरी वेगळे धुवायला सांगा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)