पेटी कुणाची, माल कुणाचा

कळंबोली सर्कलला सिग्नलवर थांबलेल्या ट्रेलरवरच्या कंटेनरच्या मागच्या दारावर चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी चौकटीतला एक आकडा रंगवलेला असतो. न्हावा शेवा बंदरात ये-जा करणाऱ्या पेट्यांची ही ओळख. पहिली अक्षरं मालकाची. चौकटीतला आकडा आधीच्या अक्षर-आकड्यांवर गणित करून काढलेला, त्यामुळे नंबर वाचताना चूक झाली तर ती बहुतेक वेळा तिथल्या तिथे पकडली जाते.

नवीन पनवेलमधल्या एका फ्लॅटमध्ये लॅपटॉपसमोर बसलेली अभियंता ज्या कंटेनरांकडे पाहते आहे, त्यांना असला काही नंबर नाही. २०१३मध्ये डॉकर आलं आणि सॉफ्टवेअरही पेट्यांत भरलं जाऊ लागलं. पेटीला नाव मात्र ज्याने फाईल लिहिली त्याला सुचेल ते. तिचं काम असं: परक्या प्रकल्पात खऱ्या मायक्रोसर्व्हिसेस, म्हणजे एकेक काम स्वतंत्रपणे करणारे छोटे प्रोग्राम, किती, हे माणसाने न मोजता स्क्रिप्टने सांगायला हवं, तेही प्रोग्राम न चालवता, नुसत्या फायली वाचून.

सरावासाठी तिने ‘सॉक शॉप’ घेतलंय. वीव्हवर्क्स या कंपनीने शिकण्या-शिकवण्यासाठी बांधलेलं मोज्यांचं दुकान. कंपनी २०२४च्या फेब्रुवारीत बंद झाली, कोड उरला. हे कशासाठी लिहिलं होतं, असं विचारायला फोन करावा असं कुणी राहिलेलं नाही. जुना प्रकल्प हाती येणाऱ्या कित्येकांची हीच गत असते, आणि म्हणूनच हे काम मोलाचं आहे.

शेजारी बसलेल्या शिकाऊ मुलाने दुकानाच्या सगळ्या पेट्यांची यादी असलेली कम्पोज फाईल वरून खाली वाचली. “ताई, पंधरा आहेत.”

“पंधरा पेट्या आहेत,” ती म्हणाली. “सर्व्हिसेस मोज.”

मग वगळणं सुरू झालं. रॅबिटएमक्यू बाहेरून आणलेलं, निरोपांची ने-आण करणारं, ते गेलं. ‘कार्ट्स-डीबी’ आणि ‘ऑर्डर्स-डीबी’ या दोघांची इमेज, म्हणजे पेटी ज्यातून बनते तो साचा, सरळ मोंगोची, म्हणजे डेटाबेस, तेही गेले. इथवर स्क्रिप्टला काही जड गेलं नाही. तिच्याकडे नेहमीच्या डेटाबेसची आणि ब्रोकरची नावं आहेत, इमेजचं नाव त्यांच्याशी जुळलं की काट.

अडलं ते ‘कॅटलॉग-डीबी’पाशी. तिची इमेज वीव्हवर्क्सच्याच नावाने नोंदलेली. ‘यूझर-डीबी’चंही तसंच. स्क्रिप्टने दोन्हींना घरचं समजून सर्व्हिसेसच्या यादीत बसवलं. दारावर मालकाचं नाव आहे म्हणून आतला मालही त्याचाच, असं तिने धरलं होतं.

नावातलं ‘डीबी’ पाहून वगळायचं? मुलाने तेच सुचवलं. ताईने नकारार्थी मान हलवली. उद्या कुणी डेटाबेसला ‘भांडार’ म्हणेल. खरं उत्तर इमेज बनवण्याची कृती लिहिलेल्या डॉकरफाईलच्या पहिल्या ओळींत, इमेज कशावर उभी आहे तिथे मिळतं. कॅटलॉग-डीबीची मायएसक्यूएलवर उभी आहे, वर सुरुवातीची माहिती भरलेली. पण कम्पोज फाईलमध्ये तयार इमेजची नुसती नावं आहेत, आणि प्रत्येक सर्व्हिसचा कोड वेगळ्या रेपोत, म्हणजे कोडच्या कोठारात. म्हणजे स्क्रिप्टला आधी तो रेपो शोधायचा, मग डॉकरफाईल, मग तिचा पाया. फ्लॉरेन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४मध्ये मांडलेली मायक्रोसर्व्हिसेस ओळखण्याची ‘क्लेम’ ही पद्धतही डॉकरच्या फायलींतूनच माग काढते.

असे तेही दोन डेटाबेस गेले. एज-राउटर वाट दाखवणारा, यूझर-सिम खोट्या गिऱ्हाइकांची गर्दी करणारा. दोन्ही वगळल्यावर आठ उरल्या: फ्रंट-एंड, कॅटलॉग, कार्ट्स, ऑर्डर्स, शिपिंग, क्यू-मास्टर, पेमेंट, यूझर. पंधरातल्या जवळजवळ निम्म्या पेट्या दुकानाचं स्वतःचं काम करतच नव्हत्या. प्रत्येक वगळलेल्या नावापुढे स्क्रिप्टने कारण लिहिलंच पाहिजे, यावर ती अडून बसली, आणि तिचं बरोबर होतं. नुसता ‘आठ’ हा आकडा घेऊन पुढचा माणूस काय करणार?

चहा झाल्यावर गूगलचं ‘ऑनलाइन बुटीक’ हे असंच नमुन्याचं दुकान उघडलं. इथे कम्पोज फाईलऐवजी पेट्या चालवणाऱ्या कुबरनेटीस या प्रणालीच्या फायली, म्हणून वाचण्याची रीत बदलावी लागली. गूगल अकरा सर्व्हिसेस सांगतं. गो, सी शार्प, जावास्क्रिप्ट, पायथन, जावा अशा वेगवेगळ्या भाषांत लिहिलेल्या. स्क्रिप्ट दहावर थांबली. कार्ट सर्व्हिस हरवली होती. बाकीच्यांची डॉकरफाईल आपापल्या फोल्डरमध्ये वरच, कार्टची मात्र आणखी एक फोल्डर आत. शोध एक पायरी खोल नेल्यावर ती सापडली.

तरी मुलाचं समाधान होईना. अकरातलं एक नाव ‘लोडजनरेटर’ होतं. “ताई, सॉक शॉपमध्ये हेच काम करणारा आपण काढला. इथे गूगलने मोजलाय.”

तिने यादीत तिसरा रकाना वाढवला. मथळा दिला ‘शंका’, आणि लोडजनरेटर तिथे हलवून सॉक शॉपची फाईल पुन्हा उघडली.