वऱ्हाडच्या कापसासाठी नदी मोजणारा हेग

नांदगाव खंडेश्वरच्या परिसरातले पाणी बेंबळा नदीतून वर्धा नदीत उतरते. पुढे चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. याच उताराने वऱ्हाडचा कापूस होड्यांतून समुद्रापर्यंत नेता येईल का, हे तपासायला मद्रास फौजेच्या इंजिनिअर दलातला एक तरुण लेफ्टनंट निघाला. त्याचे नाव फेलिक्स थॅकरे हेग.

1853 साली वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. इथली रुई तेव्हा लमाणांच्या बैलांवर आणि गाड्यांवर लादून शेकडो मैल जाई. वाहतूक महाग पडे, माल धुळीने मळे. गोदावरीवर धवळेश्वरमचा बंधारा बांधणारे आर्थर कॉटन तर रेल्वेपेक्षा जलमार्गच स्वस्त, असे ठासून सांगत.

गोदावरी आणि तिच्या उपनद्यांवर नौका कुठवर चालतील, याचा हेगचा अहवाल 1856 मध्ये मद्रासला छापला गेला. जमिनीच्या नकाशात सीमा आणि गावे दाखवली की काम भागते. नावाड्याला मात्र पाण्याखालचा खडक, धारेचा वेग आणि कोणत्या महिन्यात किती खोली, हे कळावे लागते. मोठे अडथळे तीन होते : गोदावरीवर दुम्मुगुडेम आणि इचमपल्ली, प्राणहितेवर देवलमरी. या ठिकाणी खडकांवरून पाणी उसळत धावते. तिथे बंधारा घालून, बाजूने कालवा काढून आणि त्यात पाण्याची पातळी चढवणारी-उतरवणारी लॉकची दारे बसवून नौका वरखाली न्यायची, अशी योजना ठरली.

1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांनी या कामाचा आग्रह धरला. पण 1867 मध्ये आगगाडी बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली आणि वऱ्हाडच्या गाठी थेट मुंबईला जाऊ लागल्या. बारमाही धावणाऱ्या गाडीपुढे उन्हाळ्यात आटणाऱ्या नदीचा निभाव कसा लागणार? 1871 मध्ये काम थांबवले गेले.

दुम्मुगुडेमचा दगडी बंधारा आजही गोदावरीत उभा आहे. हेगने नदीतले खडक बरोबर हेरले होते. योजना बुडाली ती खडकांपेक्षा रेल्वेच्या रुळांमुळे.