मणक्याच्या गादीतले स्फटिक: कारण की खूण?

कार्य आणि कारण यांच्याबद्दल आपण नेहमी बोलतो. आज तोच प्रश्न आपल्याच पाठीच्या कण्याला विचारून बघू.

दोन मणक्यांमधल्या गादीचा आतला भाग पाणीदार असतो आणि त्याच्याभोवती चिवट तंतूंचं कडं असतं. मोठ्या माणसाच्या गादीत आतपर्यंत रक्तवाहिन्या जात नाहीत. तिचं पोषण मुख्यतः लगतच्या हाडातून झिरपत येतं. वयानुसार पाणी धरून ठेवणारे रेणू घटतात, गादी सुकते, चपटी होते. अशा गादीत कधीकधी कॅल्शियमचे स्फटिक साचतात. काही हाडातल्यासारखे अ‍ॅपेटाइटचे, तर काही कॅल्शियम पायरोफॉस्फेटचे. हे दुसरे स्फटिक 1962 साली मॅकार्टी आणि सहकाऱ्यांनी सांध्यातल्या द्रवात ओळखले. गंमत अशी, की पायरोफॉस्फेट अ‍ॅपेटाइट बनू देत नाही; पण तेच फार वाढलं, की त्याचेच स्फटिक होतात.

आता प्रश्न असा: स्फटिकांमुळे गादी झिजली, की झिजली म्हणून स्फटिक आले? तिसरी शक्यताही आहे, दोन्हींचं मूळ वेगळंच असेल. अल्काप्टोन्यूरिया या जन्मजात विकारात होमोजेंटिसिक आम्ल शरीरात साठतं, आणि त्यातून गादी झिजतेही, तिच्यात कॅल्शियमही साचतं. उलट, मानेच्या दुसऱ्या मणक्याच्या दाताभोवती जमलेले स्फटिक स्वतःच दाह करतात. मान अचानक आखडते, तापही येतो. म्हणजे एकच उत्तर सगळीकडे लागू होत नाही.

पण एक्स-रेच्या रिपोर्टात 'कॅल्सिफिकेशन' दिसलं, की आपण लगेच ठरवतो, दुखतंय ते यामुळेच. कावळा बसला आणि फांदी मोडली! 2015 सालच्या एका मोठ्या आढाव्यात, पाठ न दुखणाऱ्यांपैकी विशीतल्या 37 टक्के आणि ऐंशीतल्या 96 टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या आढळल्या. दिसणं वेगळं, दुखणं वेगळं.

काहीजण घाबरून दूध, नाचणी बंद करतात. तसं करू नये. खाल्लेलं कॅल्शियम थेट गादीत जाऊन बसत नाही. स्फटिक तिथल्याच रसायनातून घडतात. मात्र साठीच्या आत पायरोफॉस्फेटचे स्फटिक सापडले, तर पॅराथायरॉईड, लोह, मॅग्नेशियम तपासायला हवं. आणि पाय लुळे पडू लागले किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर तर्क करत बसू नये, तडक डॉक्टरांकडे जावं.

रिपोर्ट हा पुरावा आहे, निकाल नव्हे. निकालाआधी आपण एवढंच विचारावं: हे नसतं, तर दुखलं नसतं का?