चित्रपटांचे 'शाप' आणि चित्रीकरणस्थळावरील दुर्लक्षित धोके : एक विवेचन

प्रस्तावना

चित्रपटाच्या चित्रीकरणाचा प्रारंभ मुहूर्ताने होतो. नारळ वाढविला जातो, कॅमेऱ्याची पूजा होते आणि हाती घेतलेले कार्य निर्विघ्नपणे पार पडावे अशी प्रार्थना केली जाते. या श्रद्धेत आक्षेपार्ह असे काही नाही. प्रश्न निर्माण होतो तो विघ्न आल्यानंतर. एखाद्या चित्रपटाशी संबंधित व्यक्तींचे मृत्यू झाले किंवा चित्रीकरणात अपघात घडला, की 'तो चित्रपटच शापित होता' असे म्हटले जाते आणि कारणांचा शोध तेथेच थांबतो. नांदेड-लातूर परिसरातील महाविद्यालयांतही आज लघुपटांची निर्मिती होते. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात माध्यमशास्त्राचे स्वतंत्र संकुल आहे. त्यामुळे हा विषय येथील अध्यापकांच्या दृष्टीने दूरचा राहिलेला नाही. प्रस्तुत लेखात शापकथा कशा घडतात व त्यांच्या आड कोणते धोके झाकले जातात, याचे विवेचन केले आहे.

शापकथांची जडणघडण

हिंदी चित्रपटसृष्टीतील 'शापित' चित्रपटांत के. आसिफ यांच्या 'लव्ह अँड गॉड'चे नाव हमखास घेतले जाते. या चित्रपटाचे नायक गुरुदत्त १९६४ मध्ये निधन पावले. त्यांच्या जागी संजीवकुमार आले. १९७१ मध्ये स्वतः आसिफ यांचे निधन झाले. संजीवकुमार १९८५ मध्ये गेले आणि अपूर्णावस्थेतील हा चित्रपट १९८६ मध्ये प्रदर्शित झाला. ही नावे एकापुढे एक मांडली की शापाची कथा आपोआप तयार होते. परंतु या मृत्यूंमध्ये दोन दशकांहून अधिक काळाचे अंतर आहे. गुरुदत्त यांच्या मृत्यूस मद्य व झोपेच्या गोळ्या कारणीभूत ठरल्या, तर संजीवकुमार हृदयविकाराने ग्रस्त होते. यांपैकी एकही मृत्यू चित्रीकरणस्थळी झालेला नाही.

याच आसिफ यांचा 'मुगल-ए-आझम' तपासून पाहिल्यास शापकथेचे मर्म ध्यानात येते. तो चित्रपटही दीर्घकाळ रखडला होता. अकबराच्या भूमिकेसाठी प्रथम निवडलेले अभिनेते चंद्रमोहन १९४९ मध्ये निवर्तले आणि चित्रपट नव्या कलावंतांसह पुन्हा उभा करावा लागला. तथापि १९६० मध्ये त्याला अपूर्व यश मिळाले, म्हणून त्या विलंबाला 'ध्यास' म्हटले गेले. दिग्दर्शक तोच, विलंब तसाच, प्रमुख अभिनेत्याचा मृत्यूही तसाच. मात्र एका चित्रपटाच्या वाट्याला ध्यास आला आणि दुसऱ्याच्या वाट्याला शाप. याचा अर्थ असा की, शापाचा शिक्का घटनांवरून नव्हे, तर फलितावरून मागाहून मारला जातो.

एकाच वर्षातील दोन प्रकरणे

हॉलीवूडमधील 'पोल्टरगाइस्ट' (१९८२) या भयपटाबद्दलही अशीच शापकथा प्रचलित आहे. त्यातील एका तरुण अभिनेत्रीची त्याच वर्षी तिच्या माजी प्रियकराने हत्या केली. या मालिकेतील बालकलाकार हेदर ओ'रूर्क हिचे १९८८ मध्ये आतड्याच्या विकाराने निधन झाले. एक गुन्हा आणि एक आजार यांना जोडणारा दुवा फक्त चित्रपटाच्या नावाचा होता.

त्याच १९८२ च्या जुलै महिन्यात 'ट्वायलाइट झोन : द मूव्ही'च्या चित्रीकरणात हेलिकॉप्टर कोसळून अभिनेते विक मॉरो व दोन बालकलाकार जागीच ठार झाले. ही मुले रात्रीच्या वेळी, आवश्यक परवान्याविना कामावर आणण्यात आली होती आणि जवळच स्फोट घडविले जात होते. दिग्दर्शकासह पाच जणांवर खटला चालला. १९८७ मध्ये ते निर्दोष सुटले. परंतु या प्रकरणानंतर तेथील चित्रीकरणाचे सुरक्षा-नियम अधिक काटेकोर झाले. पहिल्या प्रकरणातून एक आख्यायिका निर्माण झाली, दुसऱ्यातून नियम. घडलेल्या घटनेला 'अपघात' म्हटले तरच 'तो कशामुळे झाला?' हा प्रश्न विचारता येतो.

भारतातील दुर्घटना आणि त्यांची कारणे

८ फेब्रुवारी १९८९ रोजी म्हैसूर येथील प्रीमियर स्टुडिओत 'द स्वोर्ड ऑफ टिपू सुलतान' या दूरचित्रवाणी मालिकेच्या चित्रीकरणावेळी भीषण आग लागली. त्यात ६२ जणांचा मृत्यू झाल्याची नोंद आहे. दिग्दर्शक व नायक संजय खान गंभीररीत्या भाजले. सैल विद्युतजोडण्या, ज्वालाग्राही साहित्य, हवा खेळण्याची अपुरी सोय आणि अग्निशमन साधनांचा अभाव ही कारणे पुढे आली. यांतील प्रत्येक कारण आगीच्या आदल्या दिवशीही डोळ्यांसमोर होते.

नोव्हेंबर २०१६ मध्ये 'मस्ती गुडी' या कन्नड चित्रपटासाठी बंगळुरूजवळील तिप्पगोंडनहळ्ळी जलाशयात हेलिकॉप्टरमधून उडी मारणारे दोन अभिनेते बुडाले. त्यांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती. फेब्रुवारी २०२० मध्ये चेन्नईजवळ 'इंडियन २'च्या चित्रीकरणस्थळी क्रेन कोसळून तिघे मृत्युमुखी पडले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबईच्या गोरेगाव येथील फिल्मसिटीत एका मालिकेच्या सहायक कॅमेरामनचा विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला. आग, पाणी, उंची व वीज हे या घटनांतील धोके होत. बांधकाम किंवा कारखाना यांच्या संदर्भात ते सर्वांना ठाऊक असतात. चित्रीकरणस्थळ हेही श्रमाचे ठिकाण आहे, हे मात्र सहजी ध्यानात येत नाही.

नामवंत आणि अनाम

जुलै १९८२ मध्ये बंगळुरू येथे 'कुली'च्या चित्रीकरणात अमिताभ बच्चन जखमी झाले, तेव्हा देशभर प्रार्थना झाल्या. चित्रपटातही ते दृश्य काही क्षण गोठवून तशी सूचना देण्यात आली. मात्र लाइटमन, स्पॉटबॉय, साहसदृश्ये करणारे कलावंत किंवा समूहनर्तक यांना इजा झाल्यास ती बहुधा एका दिवसाची बातमी ठरते. शापकथांमध्येही त्यांना स्थान नसते. कारण त्या कथेला प्रसिद्ध नाव लागते.

काही धोके तर कामाच्या व्याख्येतच बसत नाहीत. लातूर जिल्ह्यातील बाभळगावच्या देशमुख कुटुंबातील अभिनेते-दिग्दर्शक रितेश देशमुख यांच्या 'राजा शिवाजी' या चित्रपटाचे चित्रीकरण एप्रिल २०२५ मध्ये साताऱ्याजवळ संगम माहुली येथे चालू होते. गाण्याचे चित्रीकरण झाल्यावर हाताला लागलेला रंग धुण्यासाठी कृष्णेच्या पात्रात उतरलेला एक तरुण नर्तक प्रवाहात वाहून गेला. त्या वेळी ना साहसदृश्य चालू होते, ना कॅमेरा. पाण्याच्या काठी काम असेल, तर काम संपल्यानंतरचा वेळही धोक्याचाच असतो, हा या घटनेचा बोध आहे.

थकवा हा असाच अदृश्य धोका होय. अमेरिकेत १९९७ मध्ये 'प्लेझंटव्हिल' चित्रपटाचा एक सहायक कॅमेरामन एकोणीस तासांचे काम आटोपून घरी परतताना वाहन चालवीत असतानाच झोप लागून मरण पावला. ख्यातनाम छायाचित्रकार हॅस्केल वेक्सलर यांनी पुढे याच प्रश्नावर 'हू नीड्स स्लीप?' हा माहितीपट केला. असा मृत्यू रस्ते-अपघातात मोजला जातो. कामाच्या तासांशी त्याचा संबंध जोडला जात नाही.

कायद्याची चौकट

भारतात सिनेकामगारांसाठी १९८१ मध्ये रोजगार नियमनाचा कायदा झाला. त्यानुसार लेखी करार आवश्यक ठरला. परंतु तो कथापटांपुरता असल्याने दूरचित्रवाणी मालिकांचे कामगार त्याच्या कक्षेबाहेर राहिले. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये हा कायदा विलीन करण्यात आला. या संहितेने 'दृक्‌श्राव्य कामगार' ही व्यापक संकल्पना स्वीकारली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तथापि रोजंदारीवर, तोंडी बोलीने व मध्यस्थामार्फत काम करणाऱ्यांपर्यंत लेखी करार पोहोचणे, हीच या तरतुदीची खरी कसोटी ठरेल.

मराठवाड्याचा अनुभव

दैवाकडे बोट दाखविण्याची किंमत मराठवाड्याने जवळून पाहिली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा हजारो माणसे दगड-मातीच्या रुंद भिंतींखाली आणि जड माळवदाखाली गाडली गेली. भूकंप रोखणे कोणाच्याही हाती नव्हते. परंतु घर कसे बांधावे हे माणसाच्या हाती होते. म्हणूनच पुनर्वसनात भूकंपरोधक बांधकामाचा विचार झाला. त्या आपत्तीला केवळ दैवी कोप मानून स्वस्थ बसले असते, तर तीच माळवदे पुन्हा उभी राहिली असती.

हाच विवेक महाविद्यालयीन लघुपटांच्या बाबतीतही अपेक्षित आहे. उसनवार आणलेले दिवे, ठिकठिकाणी जोडलेली वायर, गोदावरी वा मांजरेचा काठ, विहिरीचा कठडा, गच्ची आणि मे महिन्यातील रणरणते ऊन हे विद्यार्थ्यांच्या चित्रीकरणातील नित्याचे घटक आहेत. चित्रीकरणापूर्वी स्थळाची पाहणी करणे, विद्युतभार जाणकाराकडून तपासून घेणे, पाण्याजवळ पट्टीचा पोहणारा व दोर ठेवणे, सलग कामाच्या तासांना मर्यादा घालणे आणि एखाद्या विद्यार्थ्याने नकार दिल्यास तो मान्य करणे, एवढ्या गोष्टी मार्गदर्शक अध्यापकास खर्चाविना करता येतात.

समारोप

शापकथा मनोरंजक असतात, परंतु त्या निरुपद्रवी नसतात. त्या नामवंतांचे मृत्यू गूढ करतात आणि अनामांचे मृत्यू विस्मरणात ढकलतात. शापाला कोणी जबाबदार नसतो, म्हणूनच तो सोयीचा ठरतो. सैल वायरला मात्र ती जोडणारा, तपासणारा आणि तपासणीचा खर्च वाचविणारा असा कोणीतरी असतो. मुहूर्ताचा नारळ अवश्य वाढवावा. मात्र त्याआधी वायर तपासलेली असावी.